सोव्हा घेऊन ऑप उचलणाऱ्यांसाठी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्हॅलोरंट हा पाच विरुद्ध पाच जणांचा बंदुकीचा गेम २ जून २०२० ला आला, तेव्हापासून मी त्यातला सोव्हा हा गडी खेळतोय. मधे दोनदा सोडला, दोन्ही वेळा परत त्याच्याकडेच आलो. आमच्या पाच जणांच्या ग्रुपमध्ये नवीन पोरं येतात आणि तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली. ऑप म्हणजे ऑपरेटर, गेममधली स्नायपर बंदूक. पॅच आला की आकडे थोडे इकडेतिकडे होतात, तेवढं लक्षात ठेवून वाचा.

सोव्हा स्नायपर आहे का? धनुष्य दिसतं म्हणून विचारतोय.

धनुष्य आहे, पण त्याने माणूस मारायचा नसतो, माणूस शोधायचा असतो. गेमच्या हिशेबात सोव्हा इनिशिएटर. आपल्या पोरांनी साइटवर (जिथे स्पाइक, म्हणजे बॉम्ब लावायचा त्या जागेवर) पाय टाकायच्या आधी आत कोण कुठे बसलंय ते सांगणं हे त्याचं काम. कीबोर्डच्या 'ई'वर रिकॉन बोल्ट (टेहळणीचा बाण), 'क्यू'वर शॉक बोल्ट, 'सी'वर घुबड ड्रोन आणि 'एक्स'वर अल्टी (सगळ्यात मोठं अस्त्र), म्हणजे हंटर्स फ्युरी. बंदूक मात्र कुठलीही घेता येते, त्यात ऑपरेटरही आली.

म्हणजे स्नायपर-हेर असा तयार प्रकार गेमने दिलेला नाही, तो आपण जुळवून आणलाय. आणि गोची तिथेच आहे. धनुष्य हातात असेल तेव्हा ऑप पाठीवर असते, आणि ऑपमधून बघत असाल तेव्हा धनुष्य निकामी. खाली जे प्रश्न येतील त्यातले निम्मे याच अडचणीतून निघालेत.

जाता जाता: रशियनमध्ये 'सोव्हा' म्हणजे घुबड. आमच्या आजीच्या मते घुबड दारात बसलं की अपशकुन. रँक घसरायला लागली की मला तिचं म्हणणं पटतं.

ऑप घ्यायची की व्हँडल?

नवीन असाल तर व्हँडल ही रायफल, निदान पहिले दोन-तीन महिने.

आता हिशेब. ऑपरेटर ४७०० क्रेडिट्सची. जड शिल्ड १०००. झाले ५७००, त्यात ड्रोन आणि शॉक बोल्टचे पैसे धरलेले नाहीत. राउंड जिंकल्यावर मिळतात ३०००, एका किलचे २००. म्हणजे ऑप आणि शिल्ड हरवलं की जवळजवळ दोन जिंकलेल्या राउंडची कमाई मातीत. व्हँडल २९०० ची आणि तिची डोक्यातली गोळी कितीही लांबून १६० डॅमेज देते. ज्याचं एइम बरं आहे त्याला तेवढं पुरतं.

ऑप घ्यायची ती एका कारणासाठी: छातीत एकच गोळी, १५० डॅमेज, समोरचा पूर्ण शिल्ड घालून १५० वरच असतो, खेळ खलास. पायाला लागली तर मात्र १२० च. हलकं शिल्ड घातलेला गडी १२५ वर असतो, तो ५ हेल्थ घेऊन पळतो आणि वर चॅटमध्ये हसतो. हे माझ्याबरोबर इतक्यांदा झालंय की मी आता क्रॉसहेअर मुद्दाम बरगडीच्या उंचीवर ठेवतो.

माझा नियम: टीममधल्या बाकी चौघांकडे रायफल आणि शिल्ड असेल तरच मी ऑप घेतो. मी ऑप घेऊन बसलोय आणि बाकीचे घोस्ट पिस्तूल घेऊन फिरतायत, तर त्या राउंडला मी टीमचा सावकार झालो, सोव्हा नाही.

मार्शल आणि आउटलॉ कामाच्या आहेत का?

दोन्ही ऑपपेक्षा स्वस्त स्नायपर. मार्शल ९५० ची, छातीत १०१. शिल्ड नसलेला एका गोळीत जातो, हलक्या शिल्डवाला वाचतो. म्हणून ती दुसऱ्या राउंडला किंवा समोरचे एको करतायत (पैसे वाचवतायत) तेव्हा. आउटलॉ जानेवारी २०२४ मध्ये आली, २४०० ची, दुनळी, छातीत १४०. हलक्या शिल्डवाल्याला पाडते, पूर्ण शिल्डवाल्याचे १० शिल्लक ठेवते. समोरच्यांच्या खिशात किती आहे याचा अंदाज असेल तर आउटलॉ फार स्वस्तात काम करते. अंदाज नसेल तर नको.

बाण तर मारतो, पण टीमला काही उपयोगच होत नाही. कुठे चुकतंय?

बहुतेक वेळा बाण बरोबर असतो, वेळ चुकलेली असते.

रिकॉन बोल्ट कुठेतरी रुततो, क्षणभराने त्यातून लाट निघते, लाटेच्या नजरेत जे शत्रू येतात त्यांची आकृती आपल्या पाचही जणांना दिसते. किती वेळ? पापणी लवेपर्यंत. मग तो गडी सरकतो. दोन सेकंदांनी ती बातमी शिळी. आता बघा, तुम्ही राउंड सुरू होताच बाण सोडला, लाट गेली, दोन जण दिसले, आणि तुमची पोरं अजून लॉबीत चाकू फिरवत उभी आहेत. बातमी खरी होती, पण ती घ्यायला दारात कोणी नव्हतं.

म्हणून बाण ओढायच्या आधी माइकवर विचारायचं, "कोण जातंय?" "मी, मेनमधून" (मेन म्हणजे साइटकडे जाणारी मुख्य वाट) असं उत्तर आलं की सोडायचा. उत्तर नाही आलं तर धनुष्य खाली. आम्ही चक्क मोजतो: "तीन, दोन, बाण." 'बाण' म्हटलं की पहिल्या गड्याने कोपऱ्यापर्यंत पोचायचं, लाट निघाली की बाहेर पडायचं. पहिल्यांदा शाळेतल्या कवायतीसारखं वाटतं. चार दिवसांत सवय होते.

दुसरी चूक: बाणाला भिंतीपलीकडचं दिसतं असं समजणं. तो जिथे रुतलाय तिथून सरळ रेषेत जे दिसेल तेवढंच त्याला दिसतं. असेंट मॅपवर ए साइटला जनरेटर आहे. बाण मेनच्या बाजूच्या भिंतीत रुतला, तर जनरेटरच्या पलीकडे चिकटून बसलेला माणूस त्याच्या नजरेत येत नाही. आणि आपण बिनधास्त ओरडतो, "साइट मोकळी!" पहिला गडी आत जातो आणि मरतो. मग भांडण. खरा कॉल असा हवा होता: "बाणाला कोणी दिसलं नाही, जनरेटरमागचं माहीत नाही." एवढं लांब बोलायला वेळ नसतो, मान्य. मग "जनरेटर बघ" एवढं तरी म्हणा.

तिसरी गोष्ट लोक विसरतात. बाण पडला हे समोरच्यांनाही कळतं. सोव्हा या बाजूला आहे, हेही कळतं. बाण म्हणजे एक प्रकारे आपणच पाठवलेली दवंडी. तिचा उलटा उपयोगही होतो: आपले चौघं बी साइटला दबा धरून बसलेत, तुम्ही एकटे ए साइटवर बाण आणि ड्रोन टाकताय, समोरचे दोन जण तिकडे पळाले की बी वर घुसायचं.

आमच्यात सोव्हा घेणाऱ्याला बहिर्जी म्हणतात. बाण वाया घालवला की दादा माइकवर शांतपणे विचारतो, "काय बहिर्जी, सुरतेहून आलात का?" त्यापेक्षा शिवी परवडली.

माझा बाण जमिनीला लागायच्या आत फोडतात.

कारण तुम्ही तोच लाइनअप (ठरलेल्या जागेवरून ठरलेल्या नेमाने मारायचा बाण) तिसऱ्यांदा मारताय. समोरच्याने आता तिथेच क्रॉसहेअर ठेवलंय. दोन-तीन वेगवेगळ्या जागा तयार ठेवा, एखादी खाली कोपऱ्यात, जिथे बघायला त्याला मान वळवावी लागेल. बाण टप्पे घेतो, दोनपर्यंत, तेही वापरा.

पण बाण फुटला म्हणजे वाया गेला असं नाही हां. कोणीतरी तो फोडला, म्हणजे तो गडी तिथे आहे. गोळीचा आवाज आला, म्हणजे साधारण कुठून आला ते कळलं. आणि सगळ्यात मोठं: फोडताना त्याची नजर मेनवर नव्हती, बाणावर होती. तो अर्धा सेकंद आपला. माझा एक मित्र ड्युएलिस्ट (सगळ्यात आधी घुसणारा गडी) खेळतो, तो लाटेची वाटच बघत नाही, बाण फुटल्याच्या आवाजावर बाहेर पडतो. त्याचे कितीतरी किल असे आलेत.

बाण मारून लगेच ऑपने किल घेता येईल का?

येतो, पण कसा ते एका प्रसंगातून सांगतो.

हेवन मॅप, आम्ही डिफेन्सला. मी सी साइटवर ऑप घेऊन. सी लाँग म्हणजे लांबलचक सरळ गल्ली, ऑपवाल्याचं माहेर. अडथळा उठला, मी धनुष्य काढलं, सरळ समोर बाण मारला. लाट गेली, दोघं दिसले, पळत येत होते. मी आनंदाने ऑप काढली. ती हातात येईपर्यंत, स्कोप लागेपर्यंत, पहिला गल्ली ओलांडून आत आलेला. मी स्कोपमधून मोकळी गल्ली बघतोय आणि तो माझ्या शेजारी. मेलो. स्वतःचीच लाज वाटली.

दोन राउंडनी तीच जागा. या वेळी बाण सरळ न मारता उंच चढवला, आभाळातून वळसा घेऊन येणारा. तो वर असतानाच ऑप काढली, एक पाऊल बाजूला सरकलो, स्कोप लावला. बाण खाली येऊन रुतला तेव्हा मी तयार होतो. लाटेत एकाची आकृती दिसली, भिंतीच्या कडेला. तो बाहेर येणार कुठून ते माहीत होतं. क्रॉसहेअर तिथे, कडेपासून हातभर लांब. आला, पडला. दुसरा थबकला. तेवढ्यात लिंकमधून (शेजारच्या जोडवाटेतून) आमच्या नाशिककराने त्याला उचलला.

फरक एवढाच: बाणाचा हवेतला वेळ हा ऑप काढण्याचा वेळ. एकटे असाल तर लांब हवेत राहणारे लाइनअप शिका. सरळ, झटपट बाण दुसऱ्या कोणासाठी मारायचे, स्वतःसाठी नाही.

अँगल धरून बसतो, समोरचा दिसतो, मी क्लिक करेपर्यंत तो निघून गेलेला असतो.

क्रॉसहेअर कोपऱ्याला चिकटवून ठेवलंय का? नव्वद टक्के लोक तसंच ठेवतात, मीही ठेवायचो. माणूस दिसल्यापासून बोट दाबेपर्यंत साधारण पाव सेकंद जातो, त्यात पिंग वेगळा. तेवढ्यात पळणारा माणूस कोपऱ्यापासून बराच पुढे गेलेला असतो. म्हणून क्रॉसहेअर कोपऱ्यापासून बाहेर ठेवायचं. तो पळत येणार असेल तर जास्त लांब, दबकत येणार असेल तर जवळ. पळत येतोय की दबकत, हे पावलांच्या आवाजावरून कळतं. म्हणून हेडफोन चांगले हवेत.

शिवाय बाहेर पडणाऱ्याला नेटवर्कमुळे थोडा फायदा असतोच. तो तुम्हाला आधी बघतो, तुम्ही त्याला नंतर. म्हणून एकाच ठिकाणी दगडासारखं बसून राहणारा ऑपवाला कधी ना कधी मरतो.

आणि चालता चालता ऑप मारू नका. थांबा, मग मारा. गोळी आकाशात जाते आणि मग लोक गेमला दोष देतात.

एक गोळी मारली. आता?

आड. लागली असो नसो.

ऑपच्या दोन गोळ्यांमध्ये दीड-पावणेदोन सेकंद जातात. त्या वेळात समोरच्या रायफलवाल्याला तुमचा निकाल लावायला भरपूर संधी. गेममधल्या दुसऱ्या गड्यांचं बघा: जेटकडे डॅश आहे, चेंबरकडे टेलिपोर्ट आहे. सोव्हाकडे पाय आहेत. म्हणून सोव्हाने ऑप धरताना जागा निवडायचीच अशी, की एका पावलात भिंत किंवा खोकं मिळेल. उघड्यावर, कितीही सुंदर अँगल असला तरी, नाही.

किल मिळाल्यावर तीच जागा परत धरायची हाव सुटते. समोरच्यांना जागा कळलेली असते, पुढचा फ्लॅश घेऊनच येतो. दुसरीकडे जा.

मग सोव्हापेक्षा जेट किंवा चेंबरनेच ऑप चालवलेली बरी नाही का?

खरं सांगायचं तर हो. टीममध्ये चांगला जेट असेल आणि पैसे एकाच ऑपचे असतील, तर ऑप त्याला द्या, विकत घेऊन त्याच्या पायाशी टाका. २०२१ मध्ये बर्लिनला पहिली चॅम्पियन्स, म्हणजे जागतिक अजिंक्यपद स्पर्धा एसेंड टीमने जिंकली, तेव्हा त्यांच्या सीनेडची जेट आणि तिच्या हातातली ऑपरेटर सगळ्यांनी बघितली. पुढच्या वर्षी इस्तंबूलला लाउड टीम जिंकली, तिच्यात सासी इनिशिएटर होता. सोव्हा कसा खेळावा हे शिकायचं असेल तर त्याचे सामने बघा. किल मोजू नका, त्याने बाण सोडला त्या वेळी बाकीचे चौघं कुठे होते ते बघा.

आपल्याकडची ग्लोबल एस्पोर्ट्स ही टीम २०२३ पासून पॅसिफिक लीगमध्ये आहे. सामने बघायला कारण हवं असेल तर ते एक.

सोव्हाच्या हाती ऑप कधी शोभते? डिफेन्सला, लांब गल्लीवर, जिथे बाणाने आधीच गल्ली मोकळी आहे की नाही ते सांगितलंय. अ‍ॅटॅकला सोव्हाने ऑप घेऊन मागे रेंगाळणं म्हणजे टीमला चार जणांत खेळायला लावणं.

ड्रोन कधी उडवायचा?

ड्रोन चालवत असताना तुमचं शरीर मागे पुतळ्यासारखं उभं असतं. म्हणून आधी स्वतःला कोपऱ्यात सुरक्षित करा, कोणाला तरी "मला बघ" सांगा. ड्रोनच्या मागे एक जण चालला पाहिजे. समोरचा ड्रोन फोडायला बाहेर आला की मागच्याने त्याला टिपायचा. ड्रोन एकटा पाठवला तर तो फक्त एक महागडं खेळणं. ड्रोनमधून कोपऱ्यात लपलेल्याला डार्ट मारला की तो कुठे हलतोय ते कळतं, पण तो डार्ट काढून टाकू शकतो, म्हणून तेव्हाच घुसा.

कॉल कसा द्यायचा?

संख्या, जागा, अवस्था. याच क्रमाने, आणि गप्प.

"दोन, एक हेवनवर, एक जनरेटर. हेवनवाला हलका." बास. (इथे हेवन म्हणजे मॅप नाही, साइटवरची उंच जागा; हलका म्हणजे जखमी.) "अरे अरे तो बघ तिकडे, वरती, अरे मेला असता यार" हा कॉल नाही, हे रडणं आहे. मी स्वतः मेल्यावर बोलतो ते बहुतेक असंच असतं, म्हणून मला सांगायचा अधिकार आहे.

मेल्यानंतर एक वाक्य, मग माइक बंद. उरलेल्याला पावलं ऐकू येऊ द्या.

आणि जे बघितलं तेच सांगा. "बहुतेक बी ला गेलेत" हे बाणाने सांगितलेलं नाही, तुमच्या मनाने सांगितलंय. अंदाज असेल तर "अंदाज" हा शब्द लावा. टीमचा तुमच्या कॉलवरचा विश्वास एकदा गेला की मग बाण कितीही भारी मारा, कोणी हलणार नाही.

शॉक बोल्टचे लाइनअप पाठ करायचे का?

तीन-चार करा, पन्नास नको. स्पाइक लावल्यावर फुटायला ४५ सेकंद, डिफ्यूज (निकामी) करायला ७ सेकंद. साडेतीन सेकंद झाले की अर्धं काम जमा राहतं, पुन्हा आला तर उरलेलं अर्धंच करायचं. म्हणजे तुमचा बाण लांबून येत असेल तर डिफ्यूजचा आवाज येताच सोडायला हवा. 'बघतो, खोटा टॅप (नुसता हात लावून सोडणं) असेल' म्हणत थांबलात की गेलं.

दोन बोल्ट असतील तर पहिला आवाजावर, दुसरा राखून. दोन्ही अगदी मधोमध लागले तरच पूर्ण हेल्थचा माणूस मरतो, पण मारणं गरजेचं नाही, उठवणं पुरे. तो डिफ्यूजवरून उठला की सेकंद आपले.

पण स्पाइक लाइनअपच्या जागेवरच लावायला सांगा. लावणाऱ्याला आधी सांगितलं नाही तर तो दोन हात पलीकडे लावतो आणि तुम्ही पाठ केलेलं सगळं पाण्यात.

अल्टी कशी वापरू?

तीन वार, भिंतीतून आरपार, प्रत्येकी ८०. पूर्ण शिल्डवाला दोन वारांत जातो. आंधळेपणाने मारू नका, बाणाने किंवा ड्रोनने जागा दाखवली की मगच. डिफ्यूज करणाऱ्यावर तर ती सोन्यासारखी, कारण तो कुठे बसलाय हे माहीतच असतं. अल्टी मारताना हातात बंदूक नसते, तेव्हा मागून कोणी येत नाही ना ते बघा.

कुठल्या मॅपवर सोव्हा घ्यावा?

असेंट, हेवन, ब्रीझ, आइसबॉक्स. मोकळं आभाळ, लांब गल्ल्या, बाण उडायला जागा. बाइंड आणि स्प्लिटवर छतं आणि अरुंद गल्ल्या जास्त, तिथे मी दुसरं कोणी घेतो.

लोटसबद्दल थोडं. तीन साइट, फिरणारे दगडी दरवाजे. २०२३ च्या जानेवारीत आला तेव्हा आम्ही पाचही जण पहिला तासभर खेळलोच नाही, नुसते फिरलो. हा मॅप पश्चिम घाटात बसवलेला आहे, म्हणजे आपल्याच डोंगरांत. झाडं, दगडातलं कोरीव काम, ओलसर हिरवट उजेड. आमच्यातला एक जण सह्याद्रीत सतत ट्रेक करतो, तो एका जागी थांबून म्हणाला, "इथे जळवा असणार." पुढच्या सेकंदाला मागून मेला. सोव्हाच्या दृष्टीने सांगायचं तर दरवाजा फिरला की लांबपर्यंत आवाज जातो, तो आवाज ऐकून बाण कुठे टाकायचा ते ठरवा. फुकट मिळालेली बातमी आहे.

मी स्कोअरबोर्डवर तळाला असतो. रँडम लोक शिव्या घालतात.

म्यूट करा. मग स्वतःला प्रामाणिकपणे विचारा: माझ्या बाणावर किती लोकांनी किल घेतले? असिस्टचा आकडा बघा. किल कमी, असिस्ट भरपूर आणि टीम जिंकतेय, तर तुम्ही तुमचं काम करताय. किल कमी, असिस्टही कमी, तर शिव्या देणाऱ्याची भाषा चूक, म्हणणं बरोबर.

एक सल्ला, जो मी फार उशिरा शिकलो. शेवटचे दोघंच उरलेत, तुम्ही आणि एक ड्युएलिस्ट, तर पुढे तो जाणार, तुम्ही मागे. सोव्हा जिवंत राहिला तर पुढचा बाण मिळतो. हीरोगिरी करून आधी मेलेला हेर काय कामाचा?

सेन्सिटिव्हिटी किती ठेवू?

जी आहे ती. दर आठवड्याला बदलू नका. स्कोपची सेन्सिटिव्हिटी वेगळी ठेवता येते, ती एकदा जुळवा आणि विसरा.

पिंग वाढतो. लाइट जाते. काय करू?

सर्व्हर मुंबईचा निवडा, बाकी हिशेब नंतर. वाय-फाय सोडून केबल लावा, ती भिंतीवरून फरफटत न्यावी लागली तरी. आईला सांगा की ही वायर काढायची नाही. आमच्याकडे झाडताना ती दोनदा निघाली आणि दोन्ही वेळा मी बारा-बारावर होतो.

लाइटसाठी इन्व्हर्टर असेल तरी कॉम्प्युटर रीस्टार्ट होऊ शकतो, म्हणून छोटा यूपीएस लागतो. राउटरलाही लावा, हे लोक विसरतात: कॉम्प्युटर चालू, इंटरनेट बंद. रँक्ड मधेच सुटली की दंड बसतो, गेमला तुमच्या गावचं भारनियमन माहीत नसतं. पावसाळ्यात ढग गडगडायला लागले की मी डेथमॅच खेळतो, रँक्ड नाही.

जुन्या ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर ऑप अवघड जाते, खोटं बोलत नाही. पण बाण, ड्रोन आणि कॉल ६० हर्ट्झवर तितकेच चालतात. मी पहिली दोन वर्षं तशीच खेळलो.

सराव कसा करायचा?

कस्टम गेम उघडा, चीट्स चालू करा, एबिलिटी अमर्याद करा. एक मॅप, एक बाजू, अर्धा तास. बाण मारा, मग भुतासारखं उडत जाऊन तो जिथे रुतलाय तिथे उभे राहा आणि बाणाच्या जागेवरून बघा. काय दिसतं, काय झाकलं जातं. माझ्या ओळखीतल्या दहापैकी नऊ सोव्हांनी हे कधीच केलेलं नाही, ते व्हिडिओ बघून आकाशातल्या ठिपक्यावर क्रॉसहेअर लावतात आणि बाण कुठे पडतो ते माहीत, तो काय बघतो ते माहीत नाही.

ऑपसाठी डेथमॅच. किल मोजू नका. दर गोळीनंतर आड गेलो की नाही, तेवढंच मोजा.

कॉल मराठीत द्यायचे की हिंदीत?

मुंबई सर्व्हरवर रँडम टीममध्ये कोण कुठला असेल सांगता येत नाही, तिथे जागांची नावं आणि आकडे इंग्रजीतच चालतात, बाकी हिंदी. आपल्या पाच जणांत असाल तर मराठीच, फार पटकन होतं. "मागे" हा शब्द "बिहाइंड यू"पेक्षा लवकर तोंडातून निघतो. फक्त आधी ठरवून घ्या 'मागे' म्हणजे कोणाच्या मागे. आमच्याकडे यावरून एक राउंड गेला, बारा-अकरावर. मी "मागे!" ओरडलो. चौघंही मागे वळले. तो जनरेटरच्या मागे होता.